बाईंच्या गाडीतला हीटर

तलासरीहून झरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका जून महिन्यात, मी एका जुन्या गाडीच्या हीटरचा खटका लाल टोकाकडून निळ्या टोकाकडे सरकवला. बोटभर अंतर असेल. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि गाडी ज्यांची होती त्या बाईंना तर नाहीच. मी कमी बोलतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सरांचा स्वभावच तसा, असं लोक म्हणतात. थोडा आहेही. पण बाकीचं मौन या खटक्याचं आहे, आणि पन्नाशी आल्यापासून ते जड व्हायला लागलंय.

आधी बाईंबद्दल सांगतो. त्यांच्याशिवाय हा खटका म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा.

बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. झरीच्या एका पाड्यावरची शाळा: दोन खोल्या, एक व्हरांडा आणि पाणी नसलेली पाण्याची टाकी. शिक्षक दोनच, एक त्या आणि एक मी. बाई राहायच्या चिखल्याला, मी डहाणू रोडला. सकाळी रिक्षाने चिखल्याच्या फाट्यावर जाऊन उभं राहायचं, की थोड्या वेळाने बाईंची पांढरी चौकोनी गाडी यायची. आधी आवाज यायचा, मग गाडी. मागच्या सीटवर सिस्टर असायच्या, म्हणजे झरीच्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्स. पुढची डावीकडची सीट माझी. का, तर माझे पाय लांब. पुढे त्या पायांना काय सोसायचं होतं हे तेव्हा माहीत नव्हतं.

गाडी बाईंच्या यजमानांनी देहरादूनच्या कुणा फौजी अधिकाऱ्याकडून घेतलेली. यजमान रेल्वेत होते. ते गेले, गाडी राहिली. पहाडातली गाडी असल्यामुळे तिला हीटर होता, आणि तोही असा की बर्फातसुद्धा माणूस बनियनवर बसावा. आता डहाणूत हीटर ही तशी विनोदाचीच गोष्ट. आमच्याकडे थंडी पडते ती स्वेटर विकणाऱ्यांची समजूत काढण्यापुरती. पण बाईंच्या गाडीत हॉर्नपेक्षा हीटर जास्त वापरला जायचा.

"मास्तर, हीटर म्हणजे काय ठाऊक आहे?" त्यांनी मला पहिल्याच उन्हाळ्यात विचारलं होतं. त्या मला मास्तरच म्हणायच्या, आणि अरे-तुरे करायच्या. "इंजिनाच्या पोटातलं गरम पाणी या एका लहान जाळीतून फिरवायचं आणि मागून पंखा मारायचा. झाला हीटर. जाळी कुठे आहे? तुझ्या गुडघ्यांसमोर. म्हणजे इंजिनाला ताप आला की तो तुझ्या पायांना द्यायचा. तू जरा सोस, इंजिन वाचेल."

आणि हे खरंच व्हायचं. एप्रिल महिन्यात चढ आला, पुढे एखादा लाकडाचा ट्रक रेंगाळत असला, की गाडीचा तापमानाचा काटा वर सरकायला लागायचा. बाई शांतपणे खटका लालकडे न्यायच्या. त्याच खटक्याने पंखाही लागायचा, कुणीतरी मागे तशी जोडणी करून ठेवली होती. बाहेर ऊन, खिडकीतून ट्रकचा धूर आणि खालून माझ्या पोटऱ्यांवर भट्टीचा वारा. तो वारा सगळा डावीकडेच यायचा. बाईंच्या बाजूचं तोंड केव्हाच बुजलेलं होतं. काटा खाली यायचा. मी मात्र शाळेत पोचेपर्यंत कपडे पिळण्याच्या लायकीचा झालेला असायचो.

सिस्टर डोक्यावर ओला रुमाल ठेवून म्हणायच्या, "बाई, आम्ही पेशंटला असं केलं तर नातेवाईक मारतील आम्हाला."

"पेशंट बदलता येतो ग," बाई म्हणायच्या. "गाडी कुठून आणू?"

त्या अनवाणी गाडी चालवायच्या. चपला मागे सिस्टरच्या पायांशी. गाडीचं दुखणं तळपायाला आधी कळतं, कानाला नंतर, असं त्यांचं मत. गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही. चौथा गिअर पाहुण्यांसाठी ठेवलाय, असं सिस्टरचं म्हणणं. राग आला की बाई गुजरातीत जायच्या. मराठीत राग नीट बसत नाही, फार सभ्य होतो, असं म्हणायच्या. 'डफोळ', म्हणजे मूर्ख, हा त्यांचा आवडता शब्द. त्यात प्रेम किती आणि राग किती हे त्या दिवशीच्या उन्हावर असायचं.

पावसाळ्यात हीटरचं काम वेगळं. आमच्या शाळेत खडूसुद्धा दमट व्हायचे. फळ्यावर घासले तर उमटायचं काहीच नाही, नुसती ओली रेघ. बाई खडूंचा डबा झाकण उघडून हीटरच्या तोंडाशी धरून ठेवायला मला सांगायच्या. चिखल्यापासून झरीपर्यंत मी मांडीवर डबा घेऊन बसलेला असायचो, एखाद्या घरी पूजेचं सामान घेऊन निघाल्यासारखा. शाळेत पोचेपर्यंत खडू कडकडीत.

आणि मुलं. पलीकडच्या पाड्यावरची पोरं ओढा ओलांडून यायची. छत्री नाही, असली तर तिघांत एक. पहिलीतली पोरं तर अशी कुडकुडत यायची की दात वाजलेले ऐकू यायचे. बाई त्यांना चार-चार करून गाडीत बसवायच्या, काचा वर, हीटर लालवर, इंजिन चालू. "प्रार्थना नंतर. आधी सुकवण." पोरं आत बसून काचेवर बोटाने चित्रं काढायची. थोड्या वेळाने दार उघडलं की आतून वाफ, ओल्या गणवेशाचा वास आणि लाल-लाल गालांची पोरं बाहेर. पुढचे चार आत. ऊन पडलेलं असलं तरी काही पोरं डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेऊन यायची. बाईंना कळायचं. तरी त्या बसू द्यायच्या.

त्यांची आठवण हा वेगळाच प्रकार होता. शाळेतून शिकून गेलेलं प्रत्येक पोर त्यांना बापाच्या नावासकट, पाड्यासकट पाठ. एकदा तलासरीला चहाच्या टपरीवर थांबलो होतो. समोर एक टेम्पोवाला, चांगला मिशा फुटलेला, टेम्पोला टेकून उभा. बाईंनी पेला खाली ठेवला.

"जान्या. बारा सत्ते?"

तो दचकला. सरळ उभा राहिला. "चौऱ्याऐंशी, बाय."

"तोंडात काय आहे?"

"काय नाय, बाय."

"मग बारा सत्ते परत सांग. तोंड उघडून."

जान्याने डोळे मिटून जे काय होतं ते गिळलं आणि मग पुन्हा चौऱ्याऐंशी म्हणाला. बाई म्हणाल्या, "शहाणा आहेस," आणि चहा प्यायला लागल्या. तो बिचारा नंतर बराच वेळ उचक्या देत होता.

गाडीत एक नियम होता: एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायची नाही. सिस्टरकडे साप चावलेल्या माणसाचा एक किस्सा होता. तो त्यांनी दुसऱ्यांदा रंगात येऊन सुरू केला, तर बाई आरशातून बघत म्हणाल्या, "हे मागच्या श्रावणात ऐकलंय. तेव्हा साप घोणस होता. आज नाग कसा झाला?"

सिस्टर म्हणाल्या, "बाई, तुमच्यासमोर माणसाने खोटं तरी कसं बोलावं?"

मी हसलो होतो. चांगला मोठ्याने हसलो होतो.

आईबद्दल बाई एकदाच बोलल्या. एका पावसाळ्यात रेल्वेच्या फाटकात अडकलो होतो, मालगाडी संपता संपत नव्हती. सिस्टर त्या दिवशी रजेवर. बाई डबे जाताना बघत म्हणाल्या, "आमच्या आईचं सुरू झालं ते गॅसच्या बटणापासून. बंद केला का ग, बंद केला का ग. आम्ही हसायचो. मग एक दिवस मला म्हणाली, तू कुणाची?"

मी जाणारे डबे मोजायला लागलो. असल्या वेळी काय बोलायचं हे मला कधीच कळलेलं नाही.

"म्हणून मी रोज सकाळी चहा उकळेपर्यंत चौथीच्या पोरांची नावं म्हणते. बापाच्या नावासकट. ज्या दिवशी बटणाची चूक होईल ना मास्तर, त्या दिवशी किल्ली ठेवून देणार. वाद नाही, डॉक्टर नाही. रस्त्यावर पोरं चालतात." फाटक उघडलं. त्यांनी पहिला गिअर टाकला. "तू सांगशील ना मला? सिस्टर नाही सांगायची. ती फार चांगली आहे."

"सांगीन," मी म्हणालो.

हीटर गळायला लागला तो त्याच पावसाळ्यात. आधी एक गोड वास यायला लागला. कुणी डॅशबोर्डच्या आत साखरेचा पाक करायला ठेवल्यासारखा. मग समोरच्या काचेवर आतून एक तेलकट धुकं, पुसलं की आणखी पसरणारं. मग माझ्या पायाखालची चटई चिकट ओली. इंजिनाच्या पाण्यात कूलंट घालतात, त्याचा तो गोड वास. जाळी कुठेतरी फुटली होती आणि तिच्यातून ते माझ्या डाव्या बुटात उतरत होतं.

"बाई, गाडीला डायबेटीस झालाय," सिस्टर म्हणाल्या. "मुंग्या लागायच्या आधी दाखवा कुणाला तरी."

मी डाव्या बुटावर पिशवी बांधून बसायला लागलो. पोरांना त्याची फार गंमत वाटायची. एक पिशवीवाले गुरुजी, एक बिनपिशवीवाले गुरुजी, असं ती माझ्या दोन पायांना म्हणायची. बाई रोज सकाळी बाटलीने पाणी भरायच्या आणि निघायच्या. जमेल तसा पावसाळा काढला, हिवाळा काढला. उन्हाळ्याच्या सुट्टीला बाई मुलाकडे वलसाडला निघाल्या तेव्हा गाडी आशागडच्या मेस्त्रीकडे लावून गेल्या आणि मला बजावून गेल्या.

"मास्तर, तू डहाणूतच आहेस. एवढं काम कर. हीटरची जाळी नवी बसवून घे. नवी. तो मेस्त्री जाळीला जाणारे दोन पाइप एकमेकांना जोडून मोकळा होतो. सगळ्यांचं तेच करतो. तसं करू द्यायचं नाही."

मेस्त्री गाडीखालून निम्मा बाहेर आला आणि माझ्याकडे बघत राहिला. "हीटर? डहाणूमां? शाल पण देऊ काय बाईंना, मफलर देऊ?"

"बाईंनी सांगितलंय, नवी जाळी."

"अरे साहेब, या गाडीची जाळी मिळते कुठे? सुरतच्या भंगारात शोधावी लागेल. आणि बसवायला अख्खा डॅशबोर्ड काढायचा. हे सगळं. स्टिअरिंग पण खाली. मग ते परत बसवताना अर्धे स्क्रू उरणार, ते मी तुमच्या हातात देणार." त्याने दोन पाइप दाखवले, इंजिनाच्या मागच्या भिंतीतून आत जाणारे. "हे इथून काढायचे, एकाला एक जोडायचे. गळती बंद. इथे बधा लोक, सगळेच, हेच करतात. कुणाला हीटर लागतो?"

तो काही खोटं बोलत नव्हता. आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्या उघडून बघा, निम्म्यांचे पाइप असेच जोडलेले सापडतील. हीटर गळला की तो काढून टाकायचा, ही इथली रीत. तो आपल्या कामाचा असू शकतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी त्याची भट्टी सोसली होती, त्यावर खडू सुकवले होते. पण मला धुळ्याला मेहुणीच्या लग्नाला जायचं होतं, तिकीट काढलेलं होतं, आणि सुरतच्या भंगारबाजारात कोण जाणार होतं? शिवाय आणखी एक गोष्ट, जी लिहायला लाज वाटते. माझा पाय कोरडा राहणार होता. पुढच्या एप्रिलमध्ये भट्टी नसणार होती.

"जोडा," मी म्हणालो. "बाईंना मी सांगतो."

फोनवर बाईंनी विचारलं, "झालं काम?"

"झालं बाई. आता थेंबसुद्धा गळत नाही."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. त्या हे फारसं म्हणत नसत.

समोर भेटल्यावर सांगू, असं मी ठरवलं. जूनमध्ये भेटल्या तेव्हा त्या इतक्या खुश होत्या, काच स्वच्छ, वास नाही, चटई कोरडी, की म्हटलं, आज नको. पाऊस लागेपर्यंत सांगून टाकू. मी आयुष्यात जे जे काही टाळलंय ते असंच टाळलंय, चांगल्या मुहूर्ताची वाट बघत.

शाळा उघडायच्या आधी तलासरीला जाऊन पुस्तकं आणायची होती. बाई आणि मी, दोघंच. मागची सीट आणि डिकी गठ्ठ्यांनी भरली, गाडी मागून बसली. पाऊस अजून लागला नव्हता, नुसता उकाडा. परत येताना हायवेवर कुठेतरी ट्रक आडवा झाला होता आणि रांग हलत नव्हती. गाडी थांबायची, सरकायची, थांबायची. रांगेतून सुटलो तोवर काटा वर गेलेला होता. मग आमचा चढ लागला.

बाईंनी खटका लालकडे सरकवला. मी पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर, डाव्या हाताने, बांगड्यांचा आवाज करत.

"हीटर लावलाय. आता उतरेल," त्या म्हणाल्या.

पंखा घुर्र करून लागला. खिडक्या उघड्या होत्या, बाहेरचा वारा आत भरत होता, त्यांना काही कळायचं कारण नव्हतं. गरम वारा यायचा तो फक्त माझ्या पायांवर. आणि माझ्या पायांवर साधा वारा येत होता. या गाडीत काटा उतरणार नाही हे जगात फक्त मला माहीत होतं. मी तोंड उघडलं. त्या आरशातून मागचे गठ्ठे बघत म्हणाल्या, "यंदा पहिलीला चांगली पोरं आहेत मास्तर, मोजून बघ." मी तोंड मिटलं. वरच्या वळणाशी सांगतो, असं ठरवलं. त्या हीटरच्या भरवशावर गाडी चढवत राहिल्या. नेहमी चढवायच्या तशाच. वळणाच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली, मग एक खर्र असा आवाज, आणि गाडी जागच्या जागी बंद.

बाई अनवाणीच उतरून पुढे गेल्या. बॉनेट वर झालं, माझ्यासमोर नुसता पांढरा पत्रा. त्या आडोशाला मी खटका निळ्याकडे सरकवला. मी विचार केला नव्हता. एवढंच वाटलं की आता त्या आत बघणार, खटका लालवर दिसणार आणि विचारणार, मग हीटरने काम का नाही केलं?

त्या आल्या, आत वाकल्या आणि खटक्याकडे बघत राहिल्या.

"मी लावला होता," त्या म्हणाल्या.

मी उतरलो आणि गाडी हलकी करायला पुस्तकांचे गठ्ठे रस्त्याकडेला काढायला लागलो.

"मास्तर, मी हीटर लावला होता ना? मी म्हणाले पण."

"म्हणालात खऱ्या, बाई," मी म्हणालो. "पण हात गेला नाही बहुतेक. बोलण्याच्या नादात."

त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. गुजरातीत घातला असता तर फारच बरं. त्या रस्त्याकडेला एका पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंस, सांगितलंस. मीच तुला सांगून ठेवलं होतं."

पुढचं थोडक्यात. गाडी ओढून आशागडला नेली. मेस्त्रीने इंजिन जाम झाल्याचं सांगितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, ते पाइपचं बाईंना बोलले ना?" मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "हीटर असता तरी वाचली असतीच असं काही नाही, जुनी गाडी." या वाक्यावर मी बरीच वर्षं झोपलो. इंजिनाचं काय झालं असतं ते मला आजही माहीत नाही. पण मी तोडलं ते इंजिन नव्हे.

"गाडी बनेल हो बाई," मेस्त्री त्यांना म्हणाला.

"गाडी बनेल. माझं काय?" बाई म्हणाल्या आणि किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. गाडी त्यालाच देऊन टाकली. मग त्या सिस्टरबरोबर वडापच्या जीपने यायला लागल्या. शाळेचं कुलूप लावून निघालो की निम्म्या वाटेवरून परत. "मास्तर, लावलं ना मी?" हजेरी घेऊन झाल्यावर पुन्हा हजेरी. पोरं दोनदा 'हजर' म्हणायची, त्यांना तो खेळ वाटायचा. जी बाई सापाची जात विसरत नव्हती ती मला विचारायची, "हे मी तुला सांगितलंय का रे आधी?" आणि तिने ते सांगितलेलं नसायचं. कधीच नसायचं. त्या पावसात पहिलीची पोरं व्हरांड्यात कुडकुडत उभी राहिली. मी एक रॉकेलचा स्टोव्ह लावून बघितला, त्याचा धूरच जास्त.

पुढच्या वर्षी बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि वलसाडला मुलाकडे गेल्या. मी मुख्याध्यापक झालो.

मागच्या हिवाळ्यात चिखल्याला त्यांच्या पुतणीच्या लग्नात भेटल्या. केस पांढरे, बाकी त्याच. मुलगा, सून सोबत. मला बघून म्हणाल्या, "मास्तर, पाय कोरडे का?" आणि माझा हात धरून खुर्चीवर बसवलं. मग हळूच, कुणी ऐकत नाही असं बघून, त्यांनी नावं म्हणायला सुरुवात केली. आमच्या शेवटच्या वर्षाची चौथी. बापाच्या नावासकट, पाड्यासकट, एकही न अडखळता.

"बरोबर?"

"सगळी बरोबर, बाई."

"मग हे कसं काय रे?" त्या हसल्या. "नावं येतात आणि बटणं जातात. त्या दिवशी अजूनही मला माझा हात दिसतो, खटक्यावर गेलेला. आईलाही असंच दिसायचं असणार, नाही का?"

आता सांग, असं कुणीतरी माझ्या कानात म्हटलं. समोर जेवणाच्या पंगती, बँजोवाले, सगळं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या ना बाई. किती वर्षं झाली."

तेवढ्यात सून आली, "मम्मी, गोळी घेतली?" म्हणत. मला बाजूला घेऊन तिने प्रेमाने सांगितलं, की आम्ही खूप जपतो सर. गॅसला हात लावू देत नाही. एकट्या बाहेर सोडत नाही. बाजारातसुद्धा नाही. "त्यांचं ते गाडीचं झालं ना, तेव्हापासूनच. वेळेत कळलं, नाहीतर रस्त्यात काय झालं असतं." चांगली बाई आहे ती. तिचं काही चुकत नाही. तिला कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणजे इतकी वर्षं एक धडधाकट बाई विसराळू म्हणून जगते आहे. सकाळचा चहा तिला दुसऱ्याने करून द्यावा लागतो, आणि तो उकळेपर्यंत नावं म्हणायला तिला स्वयंपाकघरात उभंही राहू देत नाहीत. काहीही न विसरता.

डहाणूहून वलसाड काही लांब नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. मी दोनदा स्टेशनपर्यंत गेलोय, एकदा तर गाडीत बसून उमरगावला उतरलोय आणि पेरू घेऊन परत आलोय. हे लिहून काढलं की निदान जीभ सुटेल, असं वाटलं. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, एवढं मला कळतं.

वलसाडला जायचं, मुलगा आणि सून दोघंही घरी असताना. त्यांच्यासमोर बाईंना सांगायचं, की त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं, मी खोटं बोललो होतो. आणि बाई स्वतःच्या हाताने गॅस पेटवेपर्यंत तिथून उठायचं नाही. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.